एनएचएल ड्राफ्टसाठी तरुण आइस हॉकीपटू कसा पारखायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या वाचकांकडून येतात. एक, भारतात पहाटे उठून एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) पाहणारे आणि जून जवळ आला की ड्राफ्टच्या, म्हणजे संघ क्रमाने तरुण खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, याद्या चाळणारे. दुसरे, कॅनडा-अमेरिकेतले पालक, ज्यांची मुले स्वतःच रिंकवर आहेत. खाली 'पॉइंट' म्हणजे गोल अधिक असिस्ट (गोलला हातभार लावणारा पास). 'गुण' हा शब्द मुद्दाम अंगच्या गुणांसाठी राखून ठेवला आहे, कारण या दोहोंची गल्लत ही पारखीतली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागडी चूक आहे.

ड्राफ्टला कोण पात्र असतो, आणि निवड झाली म्हणजे काय मिळते?

ज्याला त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण होतात, तो पहिल्यांदा पात्र ठरतो. कोणी निवडले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा संधी असते. संघ ३२, फेऱ्या ७, म्हणजे साधारण २२४ नावे. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असे नाही. त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क ठरावीक मुदतीपर्यंत त्या एका संघाकडे राहतो, एवढाच तिचा अर्थ. वरच्या निवडींतले बहुतेक जण एनएचएलमध्ये निदान काही मोसम खेळतात. पहिली फेरी संपली की हे प्रमाण झपाट्याने घसरते, आणि शेवटच्या फेऱ्यांतले बहुसंख्य तिथे एकही सामना खेळत नाहीत.

दोघेही '१८ वर्षांचे' असतील तर वयाचा मुद्दा उरतोच कुठे?

उरतो, आणि चांगलाच. वय वर्षांत नाही, महिन्यांत मोजा. एकाच ड्राफ्टमध्ये एक मुलगा १६ सप्टेंबरला जन्मलेला असतो आणि दुसरा त्याच्या पुढच्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला. यादीत दोघे शेजारी दिसतात, पण त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाची वाढ, एक उन्हाळ्याचा व्यायाम आणि बऱ्याचदा ज्युनियर लीगचा (वीसेक वर्षांपर्यंतच्या मुलांची लीग) एक अख्खा मोसम असतो.

ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधले वर्ष तो झुरिकच्या संघाकडून स्वित्झर्लंडच्या मोठ्यांच्या लीगमध्ये खेळला, ३६ सामन्यांत ४६ पॉइंट केले आणि २०१६ मध्ये पहिला निवडला गेला. उलट टोकाला मॅथ्यू शेफर. जन्म ५ सप्टेंबर २००७, म्हणजे अकरा दिवस उशिरा जन्मला असता तर २०२५ च्या ड्राफ्टला पात्रच ठरला नसता. त्या मोसमात गळपट्टीचे हाड मोडल्यामुळे तो कॅनडाच्या ओएचएल या ज्युनियर लीगमध्ये फक्त १७ सामने खेळला. तरी न्यूयॉर्क आयलँडर्सने त्यालाच पहिला घेतला, आणि त्या ऑक्टोबरमध्ये तो थेट एनएचएलमध्ये उतरला.

व्यवहारात असे करा: सप्टेंबरअखेर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या 'मोठ्या' मुलाची तुलना करताना त्याचा आदल्या मोसमाचा आकडाही काढा आणि उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाच्या चालू मोसमाशेजारी ठेवा. बऱ्याचदा चित्र उलटे होते. लहानपणापासूनच्या संघनिवडीत जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेल्यांना अंगाने मोठे म्हणून झुकते माप मिळते. म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मूनही जो वरपर्यंत टिकला, त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष द्या.

किती पॉइंट केले म्हणजे मुलगा 'लायक' समजायचा?

नुसत्या आकड्याला उत्तर नाही. लीग कोणती, वय किती, मिनिटे किती आणि शेजारी कोण, हे चार धागे जोडल्याशिवाय आकडा मुका असतो.

लीगसाठी एक सोपे गणित वापरतात. प्रत्येक लीगला एक गुणक देतात आणि त्या लीगमधला प्रतिसामना पॉइंटचा आकडा त्याने गुणतात. एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंची सरासरी किती टक्के कामगिरी टिकली, यावरून हा गुणक काढलेला असतो. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीग, म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्युबेकची लीग, यांचा गुणक ०.३ च्या आसपास धरला जातो. अमेरिकन कॉलेज हॉकीचा त्याहून थोडा वर, एएचएलचा (एनएचएलच्या लगेच खालची व्यावसायिक लीग) आणखी वर, आणि स्वीडन व रशियाच्या मोठ्यांच्या लीगचा बराच वर. एखाद्याने ओएचएलमध्ये ६८ सामन्यांत ८५ पॉइंट केले, तर प्रतिसामना १.२५. त्याला ०.३ ने गुणले की ०.३७५, आणि ८२ सामन्यांच्या एनएचएल मोसमाला सुमारे ३१ पॉइंट. हे भाकीत नाही. वेगवेगळ्या लीगमधल्या मुलांना एका मापात बसवण्याची ती पट्टी आहे, आणि पट्टी माणूस मोजत नाही.

त्यानंतर आकडा सोला. आधी पॉवर प्लेवरचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) पॉइंट वेगळे काढा. निम्म्याहून जास्त तिथलेच असतील तर सावध व्हा, कारण वरच्या पातळीवर त्याला पहिल्या पॉवर प्लेवर जागा मिळेलच असे नाही. मग असिस्ट पाहा: गोलच्या लगेच आधीचा पास त्याचा होता, की त्याच्याही आधीचा? दुसऱ्या प्रकारचे असिस्ट मोसमागणिक फार हेलकावे खातात. शेवटी शॉटची टक्केवारी. ज्युनियरमध्ये दर चार शॉटला एक गोल होत असेल, तर पुढच्या वर्षी तो आकडा खाली येणार असे धरून चाला. प्लस-मायनसचा (खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) रकाना वगळलात तरी बिघडत नाही.

सोबत मोठा खेळाडू असेल तर श्रेय कोणाचे, हे कसे ठरवायचे?

२०१४-१५ चा ईरी ऑटर्स हा संघ यासाठी उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी ओएचएलमध्ये सर्वाधिक पॉइंट डिलन स्ट्रोमचे होते: ६८ सामन्यांत १२९. त्याच संघात कॉनर मॅकडेव्हिड होता, दुखापतीमुळे फक्त ४७ सामने खेळलेला, आणि त्याचे पॉइंट १२०. प्रतिसामना काढा: १.९० आणि २.५५. यादीत वर कोण होते आणि एनएचएल कोणी हलवून सोडली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. स्ट्रोम तिसरा निवडला गेला. पहिल्या संघात तो रुजला नाही, पण दोन संघ बदलल्यावर चांगला सेंटर म्हणून स्थिरावला. म्हणजे तो आयत्या बिळावरचा नागोबा नव्हता, फक्त मॅकडेव्हिड नव्हता.

तपासायची पद्धत अशी: जोडीदार दुखापतीने बाहेर असताना किंवा राष्ट्रीय ज्युनियर संघाकडे गेला असताना मागे राहिलेल्याचे सामने वेगळे पाहा. पक (खेळायची रबरी चकती) मधल्या पट्ट्यातून पुढे कोण नेतो? कोपऱ्यातून कोण काढतो? ओळ (एकत्र खेळणारे तीन फॉरवर्ड) बदलली तरी ज्याच्या भोवती संधी तयार होतात, तो चालक. ज्याचा आकडा अर्ध्यावर येतो, तो प्रवासी. चांगल्या प्रवाशालाही एनएचएलमध्ये जागा असते, पण पहिल्या पाच निवडींत नव्हे.

वीस वर्षांचा मुलगा ज्युनियर लीगमध्ये पहिला आला, तरी कोणी विचारत का नाही?

कारण तो सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविरुद्ध खेळतोय. अर्शदीप बैन्सचे उदाहरण घ्या. कॅनडातल्या सरेचा हा पंजाबी मुलगा कोणत्याही ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. २०२१-२२ मध्ये, एकविसावे लागत असताना, रेड डीअर संघाकडून ११२ पॉइंट करून त्याने डब्ल्यूएचएलमध्ये पहिला क्रमांक मिळवला. व्हँकुव्हरने त्याला करार दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो एनएचएलमध्ये उतरला. वाट खरी आहे, पण अरुंद. हेच ११२ पॉइंट सतराव्या वर्षी झाले असते तर तो पहिल्या फेरीतच गेला असता.

स्केटिंगमध्ये नेमके काय पाहायचे?

सरळ रेषेतला सर्वोच्च वेग सगळ्यांना दिसतो आणि तोच सगळ्यात कमी कामाचा असतो. सामन्यात पूर्ण वेगाने सरळ जायला जागा मिळते किती वेळा? पाहायचे ते हे:

पहिली तीन पावले. उभ्या अवस्थेतून किंवा वळल्यावर तीन ढकल्यांत तो किती अंतर घेतो? गुडघे पुरेसे वाकतात का, की कंबरेतून झुकून तो वाकल्याचा भास निर्माण करतो? ढकल्यानंतर पाय पूर्ण ताणला जाऊन पुन्हा शरीराखाली येतो का, की बाहेरच राहतो? घोटे आत कोसळतात का?

एज, म्हणजे स्केटच्या पात्याची कड. डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच आत्मविश्वासाने वळतो का? बरीच मुले एका बाजूने सुरेख क्रॉसओव्हर (पायावरून पाय टाकत वळणे) घेतात आणि दुसऱ्या बाजूने चार पावले जास्त टाकतात. डिफेन्समनला हे दोन सामन्यांत कळते, आणि मग तो त्याला त्याच बाजूला ढकलत राहतो.

पकसह वेग. पक काठीवर आला की चाल मंदावते का? हात आणि पाय स्वतंत्र चालतात का? वेग बदलता येतो का? सतत एकाच वेगात धावणारा मुलगा अडवायला सोपा असतो. एक ढकला कमी करून पुढचा दुप्पट जोरात मारणारा अवघड.

आता काय सुधारते आणि काय नाही. कमकुवत मांड्यांमुळे पहिले पाऊल मंद असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांच्या व्यायामाने ते बरेच सुधारते. पावलाची चुकीची लकबही सुधारते. ब्रेडन पॉइंट (आडनावच तसे, आकडेवारीशी संबंध नाही) २०१४ मध्ये ७९ वा निवडला गेला. लहान चण आणि स्केटिंग हे दोन आक्षेप होते. फिगर स्केटिंगमधल्या माजी विश्वविजेत्या बार्ब अंडरहिल यांच्यासोबत त्याने चालीवर काम केले, आणि पुढे त्याचा वेग हीच टॅम्पा बेची ताकद बनली. एजवरचा तोलच नसेल तर मात्र सुधारणा थोडीच होते. आणि काही जण स्केटिंग फारसे न सुधारताच वर जातात: मार्क स्टोन २०१० मध्ये १७८ वा गेला तो मुख्यतः संथ म्हणून. त्याने ती उणीव पक हिसकावण्याच्या काठीने आणि डोक्याने भरून काढली. डोके तसे नसेल तर संथ पाय माफ होत नाहीत.

'हॉकी सेन्स' म्हणजे काय? तो दिसतो कसा?

तो मानेत दिसतो. पास येण्याआधी मुलगा खांद्यावरून मागे पाहतो का, आणि किती वेळा? पक काठीवर येण्याआधीच्या दोन सेकंदांत ज्याने चित्र टिपले आहे, त्याचा पुढचा पास लगेच सुटतो. ज्याने टिपले नाही तो आधी पक थांबवतो, मग मान वर करतो, आणि तेवढ्यात वाट बंद झालेली असते. ज्युनियरमध्ये ही अर्ध्या सेकंदाची उधारी चालते. एनएचएलमध्ये चालत नाही.

म्हणून प्रत्येक चांगल्या क्षणाला एकच प्रश्न विचारा: जागा आणि वेळ निम्मी केली तर हे टिकेल का? ब्लू लाइनवर (मधल्या पट्ट्याच्या टोकाची निळी रेषा) डिफेन्समनच्या दोन पायांमधून पक काढणे टाळ्या मिळवते, पण वरच्या पातळीवरचा डिफेन्समन काठी तिथेच ठेवून उभा असतो. बाजूच्या बोर्डजवळून मारलेला लांबचा शॉट सतरा वर्षांच्या गोलरक्षकाला चकवतो, तिशीतल्याला नाही. सोळाव्या वर्षीच दाढी आलेला नव्वद किलोचा मुलगा अंगावर येऊन गोल करतो, पण सगळेच नव्वद किलोचे झाले की काय करणार? उथळ पाण्याला खळखळाट फार.

टिकणारे गुण दिसायला साधे असतात. अंगावर माणूस असताना अचूक पास. पाठ वळवून, कंबर मध्ये घालून पक राखणे. शॉटआधी काठीचा कोन बदलून लगेच सोडणे. दोन फेस-ऑफ ठिपक्यांच्या (जिथे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो) मधल्या पट्ट्यात, गोलसमोर, मार बसत असतानाही पुन्हा पुन्हा जाणे. आणि पक गमावल्यावरची पहिली तीन पावले: तो परत वळतो की बर्फाकडे पाहत घसरतो?

सामना पाहताना नोंदी कशा ठेवाव्यात?

टीव्हीवर कॅमेरा पकच्या मागे असतो. तुम्हाला हवा असतो पक नसलेला मुलगा, कारण सामन्यात पक एका खेळाडूच्या काठीवर एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त क्वचितच असतो. जमेल तेव्हा रिंकवर जा आणि कोपऱ्याच्या वरच्या रांगेत बसा. तिथून पूर्ण बर्फ आणि खेळाडूचे चेहरे दोन्ही दिसतात. सरावासाठी संघ उतरतात तेव्हापासून हजर राहा: स्केटिंगची लकब, दोन्ही बाजूंची वळणे आणि शॉटचा सुटण्याचा वेग तिथे निवांत पाहता येतो.

वहीत प्रत्येक शिफ्टसाठी (बर्फावर उतरण्याची एक खेप) एक ओळ. शिफ्ट साधारण ४० ते ५० सेकंदांची, म्हणजे पहिल्या ओळीच्या फॉरवर्डच्या सामन्यात अशा पंचवीसेक ओळी होतील. रकाने मोजकेच ठेवा: ब्लू लाइन पकसह ओलांडली, पक पुढे टाकून दिला की गमावला, दबावाखाली पास पोहोचला की नाही, पक गेल्यावर परत आला की नाही, आणि धावफलक काय होता. शेवटचा रकाना लोक विसरतात. ६-१ ने पुढे असताना केलेले दोन गोल आणि २-२ असताना राखलेला एक पक यांची किंमत वेगळी आहे.

एका सामन्यावरून मत देऊ नका. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते, कारण तिथे सगळी शिते एकाच पातेल्यात शिजलेली असतात. निदान पाच-सहा सामने पाहा, आणि ते वेगवेगळ्या जातीचे निवडा: घरचा आणि बाहेरचा, तगड्या संघाविरुद्धचा, आणि तीन रात्रींतला तिसरा. पश्चिम कॅनडात बसचे प्रवास लांबलचक असतात. थकलेल्या पायांनी मुलगा कुठला शॉर्टकट घेतो हे त्या तिसऱ्या रात्री कळते. खराब सामना दिसला तर आनंद माना; चांगले सामने सगळ्यांनीच पाहिलेले असतात.

उंची कमी असेल तर आशाच सोडायची का?

नाही, पण हिशेब कडक होतो. बुटक्या खेळाडूकडे निदान दोन गोष्टी अव्वल लागतात. एकीवर भागत नाही. कोल कॉफिल्ड ५ फूट ७ इंचांचा. अमेरिकेच्या १८ वर्षांखालील राष्ट्रीय विकास संघाकडून त्याने एका मोसमात ७२ गोल केले आणि २०१९ मध्ये तो पंधरावा गेला. शॉट अव्वल होताच, शिवाय जागा हुडकण्याची नजरही. जॉनी गॉड्रो २०११ मध्ये १०४ वा गेला. मार्टिन सेंट लुईसला तर कोणी निवडलेच नव्हते, आणि तो हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला.

उलट चूक जास्त होते: उंची पाहून अननुभवी डोळा माफ करत जातो. 'अंग भरले की येईल' हे वाक्य ऐकले की विचारा, काय येईल? ताकद येईल. खेळाची समज अंगासोबत भरत नाही. ग्रिफिन राइनहार्ट हा उंच डिफेन्समन २०१२ मध्ये चौथा निवडला गेला आणि एनएचएलमध्ये ३७ सामने खेळला.

डिफेन्समनची पारख वेगळी असते का?

हो. त्यांच्याकडे पॉइंटकडे सगळ्यात शेवटी पाहा. पहिली कसोटी: प्रतिस्पर्ध्याने पक कोपऱ्यात टाकला आहे, मागून माणूस येतो आहे. मुलगा पकपर्यंत जाताना दोनदा खांद्यावरून पाहतो का? पक उचलल्यावर पहिला पास किती लवकर आणि कोणाच्या काठीवर जातो? की काच गाठून पक वर भिरकावतो? भिरकावणे पाप नाही, पण दर वेळी तेच असेल तर तो घाबरलेला आहे.

दुसरी कसोटी अंतराची. हल्लेखोर येताना मागे-मागे सरकत तो आपल्या गोलपर्यंत जातो, की ब्लू लाइनवरच काठीभर अंतरावर त्याला गाठतो? पुढून मागे वळताना एक क्षण तोल जातो का? तिथूनच वरच्या पातळीवरचे फॉरवर्ड निसटतात. मोरिट्झ साइडर जर्मनीत मोठ्यांमध्ये खेळत होता. डेट्रॉइटने २०१९ मध्ये त्याला सहावा घेतला तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या, कारण याद्यांत तो खूप खाली होता. २०२२ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला. मोठ्या माणसांविरुद्ध शांत डोक्याने खेळलेली मिनिटे पॉइंटच्या रकान्यात उमटत नाहीत.

गोलरक्षकांबाबत सगळेच चुकतात, असे का म्हणतात?

कारण २००० चा ड्राफ्ट. त्या वर्षी सगळ्यात पहिला निवडला गेला गोलरक्षक रिक डीपिएट्रो. हेन्रिक लुंडक्विस्ट गेला २०५ वा. पहिल्याची कारकीर्द दुखापतींनी खाल्ली, दुसरा हॉल ऑफ फेममध्ये आहे. डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९ वा, कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा. हेलेबकने २०२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक मिळवला.

याची दोन कारणे. गोलरक्षक उशिरा पिकतो. बावीस-पंचविशीआधी त्याच्याविषयी ठाम बोलणे धाडसाचे असते. दुसरे कारण निव्वळ गणिताचे. ज्युनियरमधला मुख्य गोलरक्षक मोसमात समजा ५० सामन्यांत १,४०० शॉट झेलतो. बचावाची टक्केवारी ९०.५ आणि ९१.५ यांतला फरक १४ गोलांचा, म्हणजे साडेतीन सामन्यांत एक. एवढा फरक समोरच्या बचावफळीने किंवा नुसत्या नशिबानेही पडतो.

म्हणून टक्केवारीपेक्षा हालचाल पाहा. शॉट येण्याआधी तो जागेवर स्थिर झालेला असतो का? खांबाला चिकटून गुडघ्यावर बसल्यावर वरचा कोपरा उघडा राहतो का? पक अंगाला लागून कुठे जातो: कोपऱ्यात, की पुन्हा समोरच्याच्या काठीवर? पहिला शॉट अडवल्यावर एका ढकल्यात दुसऱ्या बाजूला पोहोचतो का? संघ उंची शोधतात, पण ज्यूसी सारोस ५ फूट ११ इंचांचा, ९९ वा निवडलेला, आणि तरी नॅशव्हिलचा मुख्य गोलरक्षक झाला. गोल खाल्ल्यानंतरच्या पुढच्या दोन मिनिटांत त्याचे खांदे कसे आहेत, हेही वहीत लिहा.

कंबाइनच्या चाचण्यांना किती महत्त्व द्यावे?

ड्राफ्टआधी बफेलोत सुमारे शंभर मुलांच्या चाचण्या होतात: ३० सेकंदांची सायकलवरची जीवतोड वींगेट चाचणी, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, पकड, उड्या, पुल-अप्स. बर्फावर काहीच नसते. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकी स्केटरांच्या अधिकृत यादीत पहिला असलेल्या सॅम बेनेटला एकही पुल-अप जमला नाही, आणि त्याची बातमी सगळीकडे झाली. कॅल्गरीने तरी त्याला चौथा घेतला. २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून स्टॅन्ले कप (एनएचएलचे विजेतेपद) जिंकताना प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. या चाचण्या 'किती वाढ शिल्लक आहे' एवढे सांगतात. संघांच्या दृष्टीने तिथल्या मुलाखती आणि वैद्यकीय कागद जास्त मोलाचे असतात.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे हॉकीत खरे आहे का?

कधीकधी. कॅनडात अगदी मोजक्या मुलांना पंधराव्या वर्षीच मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळायची खास परवानगी मिळते. जॉन टावारेस, मॅकडेव्हिड आणि कॉनर बेडार्ड या यादीतले. बेडार्डने २०२२-२३ मध्ये ५७ सामन्यांत १४३ पॉइंट केले आणि पहिला निवडला गेला. पण याच यादीत शॉन डेही आहे. त्याला २०१३ मध्ये परवानगी मिळाली आणि २०१६ च्या ड्राफ्टमध्ये तो ८१ वा गेला. पंधराव्या वर्षी पुढे असलेला मुलगा कधी लवकर वाढलेला असतो, कधी खरोखर वेगळा. दाढी, आवाज आणि आई-वडिलांची उंची पाहून अंदाज बांधता येतो. दोन वर्षांत त्याची आघाडी वाढली की घटली, हे त्याहून भरवशाचे.

युरोपात खेळणाऱ्या मुलांचे आकडे इतके कमी का दिसतात?

सतरा वर्षांचा मुलगा स्वीडन किंवा फिनलंडच्या मोठ्यांच्या लीगमध्ये चौथ्या ओळीत सहा-आठ मिनिटे खेळत असेल, तर ४० सामन्यांत ८ पॉइंट ही वाईट गोष्ट नाही. त्याचे ज्युनियर लीगमधले आणि १८ वर्षांखालील विश्वस्पर्धेतले सामने जोडून पाहा. जुनी युरोपीय रिंक ६० बाय ३० मीटरची, तर एनएचएलची सुमारे ६१ बाय २६. बाहेरच्या रुंद पट्ट्यात फिरत राहणाऱ्याची ती जागाच उद्या नाहीशी होणार आहे.

रशियन मुलांबाबत संघांना करार आणि येण्याची खात्री नसते, म्हणून ती घसरतात. निकिता कुचेरोव्हने २०११ च्या १८ वर्षांखालील विश्वस्पर्धेत ७ सामन्यांत २१ पॉइंट केले आणि तरी तो ५८ वा गेला. किरिल काप्रिझोव्ह २०१५ मध्ये १३५ वा. मिनेसोटाला त्याची पाचेक वर्षे वाट पाहावी लागली, आणि पहिल्याच मोसमात तो सर्वोत्तम नवोदित ठरला. हा धोका खेळाचा नसून वेळेचा आहे. दोन्हींची किंमत वेगवेगळी लावा.

वरचे निवडलेले फसतात ते का?

बहुतेकदा त्या वर्षी डोळ्यांना पुरेसे पाहायला मिळालेले नसते, आणि मग जुने मत पुढे रेटले जाते. २०१२ मध्ये पहिला निवडलेला नेल याकुपोव्ह त्या मोसमात दुखापतींमुळे बरेच सामने मुकला होता. तिसरा ॲलेक्स गॅल्चेन्युक तर जवळजवळ अख्खा मोसम बाहेर होता. याकुपोव्हकडे शॉट होता, वेग होता; दबावाखाली निर्णय मात्र मोठ्यांच्या खेळात टिकले नाहीत. शेफरच्या १७ सामन्यांचा जुगार लागला आणि हा फसला, म्हणून थोडे सामने पाहिलेला प्रत्येक मुलगा टाळा असेही नाही. त्या थोड्या सामन्यांत पॉइंट पाहिले की गुण पाहिले, यावर बरेच अवलंबून असते.

आमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, मिसिसागात ट्रिपल-ए (मुलांच्या हॉकीची सगळ्यात वरची पातळी) खेळतो. आत्ता काय कळेल?

व्यावसायिक भवितव्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. अंगावर धडकण्याचा खेळ आता कुठे सुरू होतो आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच्या वर्गातली मुले चार ते पंधरा सेंटिमीटर अशी वाटेल तशी वाढणार आहेत. ओएचएलची निवड १६ वर्षांखालील मोसमानंतर होते. पश्चिमेत डब्ल्यूएचएलची त्याहून एक वर्ष आधी. तोवर दोन्ही बाजूंची एज, मान वर ठेवून पक चालवणे आणि उन्हाळ्यात दुसरा एखादा खेळ, एवढे पुष्कळ आहे.

वाट निवडताना एक बदल लक्षात ठेवा. पूर्वी कॅनडाच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्याला अमेरिकन कॉलेज हॉकीचे दार बंद व्हायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघाकडून खेळणारा गॅव्हिन मॅकेना त्याच मोसमात पेन स्टेट विद्यापीठाकडे गेला. त्यामुळे सोळाव्या वर्षीचा निर्णय आता पूर्वीसारखा कायमचा राहिलेला नाही.

मुलींसाठी काय?

पीडब्ल्यूएचएल या महिला लीगचा पहिला सामना १ जानेवारी २०२४ रोजी टोरँटोत झाला. सहा संघांनी सुरुवात केली, २०२५-२६ मध्ये आठ झाले. तिथे बहुतेक जणी चार वर्षांचे कॉलेज संपवून येतात, म्हणून पारख अठराव्या नव्हे, एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी होते आणि चुकाही कमी होतात. भारतात हा खेळ मुख्यतः लडाखचा. तिथल्याच मुलींच्या जोरावर भारतीय महिला संघाने २०२५ च्या आशिया कपमध्ये कांस्यपदक आणले.

निवड झाल्यावर किती वर्षे वाट पाहायची? 'नऊ सामने' हा काय प्रकार आहे?

अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूने करार केला आणि त्या मोसमात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळले, तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या करारातले वर्ष खर्ची पडत नाही, करार पुढे सरकतो. म्हणून संघ मुलाला नऊ सामने देऊन पाहतात आणि दहाव्याआधी ठरवतात. परत पाठवणे ही शिक्षा नाही. बातमीत तसे छापले तरी त्याची मिनिटे पाहा: एनएचएलमध्ये जेमतेम आठ मिनिटे खेळून बाकी वेळ बसून राहण्यापेक्षा खाली बावीस मिनिटे खेळणे बऱ्याचदा बरे.

फॉरवर्डला ड्राफ्टनंतर तीन ते चार वर्षे द्या, डिफेन्समनला चार ते पाच, गोलरक्षकाला सहा. जॉर्डन बिनिंग्टन २०११ मध्ये ८८ वा निवडला गेला. त्याला खरी संधी मिळाली जानेवारी २०१९ मध्ये, आणि त्याच जूनमध्ये सेंट लुईसने स्टॅन्ले कप जिंकला.